एकतीस नंबरचं टेबल

हे खोटं वाटेल. वाटू दे.

पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. देयानिरा तिचं नाव. ती तोंडावर शिव्या घालेल, पण थाप मारणार नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही भर दुपारची आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. दुपारचे अडीच. समुद्राकाठचं एक मोठं हॉटेल, आमच्या इगुएय गावापासून बसने तासाभरावर. नाव सांगणार नाही. गावातल्या निम्म्या चुली त्याच्यावर पेटतात. माझीही. तिथल्या कामगारांची बस मी चालवतो.

पाहुण्यांनी एकदा पैसे भरायचे, मनगटाला पट्टी बांधायची आणि आठवडाभर हवं तेवढं खायचं-प्यायचं, अशी तिथली पद्धत. देयानिरा जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं आवरायची. नऊ वर्षं.

नऊ वर्षांत तिने काय काय उचललं ते ऐकलं तर जेवण जाणार नाही. ताटात डोंगर रचायचा, दोन घास उष्टवायचे आणि उठायचं. आइस्क्रीममध्ये शेंबडाचे रुमाल खुपसलेले. कोळंबीच्या ढिगात विझवलेली सिगारेट. एकदा तर केकच्या ताटलीशेजारी पोराचा वापरलेला लंगोट, नीट घडी करून. मागच्या दाराशी उष्ट्याची पिंपं ठेवलेली असायची. संध्याकाळी ती डुकरांसाठी जायची.

त्यात त्या वर्षी समुद्राने शेवाळ ओकलं होतं. तपकिरी, गुडघाभर, मैलभर. उन्हात कुजून त्याला सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. हॉलच्या काचा घट्ट बंद. तरीही वास यायचाच. भाजलेलं मांस, पाहुण्यांच्या अंगावरची तेलं आणि तो सडका वास, सगळं एकत्र.

या सगळ्यात एक म्हातारा तिला आवडायचा. लुसियेन. कॅनडाहून यायचा. अकरा वर्षं बायकोबरोबर आला. त्या वर्षी एकटाच आला. बायको हिवाळ्यात गेली होती.

तो थोडंसंच वाढून घ्यायचा. शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून लख्ख करायचा.

"तुला उचलायला हलकं," असं म्हणायचा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. "तुझे खांदे दुखत असतील ना गं, पोरी?"

त्याचं टेबल ठरलेलं. खिडकीजवळचं. एकतीस नंबर.

त्या मंगळवारी अडीच वाजता त्याचा काटा खाली पडला. देयानिरा दुसरा काटा घेऊन वळली...

म्हाताऱ्याचं तोंड भातात होतं.

ती धावली. तिच्या आधी बाल्दोमेरो पोचला. हॉलचा कॅप्टन. गोल चेहरा, कोरलेली मिशी, कायम हसू. त्याने म्हाताऱ्याच्या मानेला दोन बोटं लावली. जेमतेम क्षणभर.

"गेला," तो ओठ न हलवता म्हणाला. "मोठं टेबलक्लॉथ आण. आणि तोंड हसरं ठेव."

"डॉक्टरला बोलावते, कॅप्टन."

"मेलेल्याला डॉक्टर काय देणार? हॉलमध्ये दोनशे माणसं जेवतायत. एक किंचाळलं की सगळी किंचाळतील. हस म्हणतो ना!"

देयानिरा हसली. हसत हसत कापड आणलं. म्हाताऱ्यावर, ताटावर, अख्ख्या टेबलावर पांघरलं. टेबल आवरून झाकल्यासारखं दिसत होतं. आत फक्त एक उंचवटा.

शेजारच्या टेबलावरची एक बाई ताट घेऊन वाकली.

"ती केचपची बाटली घेऊ का? तिथे कोणी बसलेलं नाही ना?"

आणि कापडाच्या कडेला राहिलेली बाटली तिने उचलून नेली.

देयानिरा कापडाची टोकं खाली खोचत होती. तेवढ्यात...

कापडाखाली काहीतरी तिच्या करंगळीला अडकलं.

बोट होतं. गरम. त्याने एकदा आवळलं. सोडलं. पुन्हा आवळलं.

"कॅप्टन... बोटं हलतायत."

"हलतात. कोंबडी कापल्यावर तडफडत नाही का?" त्याने हसऱ्या चेहऱ्यानेच तिच्या कोपराला धरून बाजूला केलं. "सात नंबरला कॉफी हवीय. जा. आणि नोकरी नको असेल तर आत्ताच सांग."

ती कॉफी द्यायला गेली.

हॉल रिकामा व्हायला पाऊण तास लागला. मग धुण्याच्या चादरींची ढकलगाडी आली. शेगडीवरचा आचारी लिओकादियो आणि बाल्दोमेरो, दोघांनी उंचवटा कापडासकट गाडीत ठेवला. वर चादरी टाकल्या. मागच्या दाराने, पिंपांच्या शेजारून, गाडी गेली.

पाच वाजता देयानिरा माझ्या बसमध्ये चढली. पुढच्याच सीटवर बसली. पांढरीफटक.

"अरे, त्याची बोटं हलली," ती म्हणाली. "माझं बोट धरलं त्याने."

मी काय म्हणालो, तेही सांगतो. लपवत नाही.

"मोठं हॉटेल आहे. डॉक्टर असतील त्यांचे. बघतील ते. तू कशाला मधे पडतेस? दोन पोरं आहेत तुला."

आणि मी रेडिओ मोठा केला.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी, अडीच वाजता, तिला एक माशी दिसली.

त्या हॉलमध्ये माशा नसतात. एसीची एवढी थंडी असते की बायका खांद्यावर पंचे घेऊन जेवतात.

माशी एकतीस नंबरवर बसली. तिथे चौघांचं कुटुंब जेवत होतं. आईबाप, दोन मुली. बापाच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा.

आणखी एक माशी आली...

मग तो तुकडा हलला.

देयानिराला वाटलं, डोळ्यांवर झापड आलीय. ती दोन पावलं जवळ गेली. मांस हिरवं पडलं होतं. त्याला पाणी सुटलं होतं. कडेकडेने पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. भातही वळवळत होता. तो भात नव्हताच.

बापाने एक तुकडा कापून तोंडात टाकला. चावला. मान डोलावली.

"मस्त झालंय," तो बायकोला म्हणाला.

धाकट्या मुलीच्या ओठाला एक अळी चिकटली होती. तिने जिभेने ती आत ओढून घेतली. आणि देयानिराकडे बघून गोड हसली.

देयानिरा भांडी घासायच्या जागेपर्यंत कशीबशी पोचली. आतडी बाहेर येतील इतकी ओकली.

परत आली तेव्हा कुटुंब उठून गेलं होतं. चारही ताटं लख्ख होती. पावाने पुसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी अडीचला, तेच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तेच.

टेबलावर कोणीही बसो. नवं लग्न झालेलं जोडपं, आजी-नातू, कोणीही. ते एकमेकांना घास भरवायचे... आणि ती दोन हातांवर ट्रे धरून उभी.

तिचं खाणं सुटलं. मावशीने डाळभात केला, तळलेली केळी केली, सूप केलं. ती ताटात बघायची आणि ताट सरकवायची. महिन्याभरात गणवेश अंगावर लोंबायला लागला. बसमध्ये नाकाला रुमाल लावून बसायची. मला म्हणायची, "तुला वास येत नाही?"

मला शेवाळाचा वास यायचा. तेवढाच.

एके दिवशी ती लिओकडे गेली. तो शेगडीवर मांस परतत होता.

"लिओ, एकतीस नंबरवर तुला काही दिसतं का रे?"

"माझं लक्ष शेगडीवर असतं."

"अल्ताग्रासिया मातेची शपथ आहे तुला. खरं सांग."

लिओने चिमटा खाली ठेवला. वर बघितलं नाही.

"दिसतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. देया, त्या दिवशी गाडीतून टकटक ऐकू आली होती. आतून. कॅप्टनने विचारलं, हे काय? मी म्हटलं, चाक वाजतंय... मीच म्हटलं."

त्याने पुन्हा चिमटा उचलला.

जूनच्या अखेरीस म्हाताऱ्याची मुलगी आली. मिरेय. चाळिशीची, उंच, बापासारखेच फिकट डोळे. बाल्दोमेरो दारापर्यंत सामोरा गेला. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"झोपेतच गेले, मॅडम. आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर. चेहऱ्यावर हसू होतं."

"ते जेवायला कुठे बसायचे?" तिने विचारलं.

तो तिला समुद्राकडच्या दुसऱ्या टेबलावर बसवू पाहत होता. ती ऐकेना. ती एकतीस नंबरवर बसली. बाल्दोमेरोने स्वतःच्या हाताने ताट वाढून आणलं. मांस, भात, तळलेली केळी. ठेवून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

देयानिराने घड्याळाकडे बघितलं.

अडीच.

माशी आली...

मिरेयने काटा हातात घेतला होता. ती ताटाकडे बघत होती. हलत नव्हती.

देयानिरा पुढे झाली. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडातून एकदम बाहेर आलं.

"खाऊ नका, मॅडम. तुमचे बाबा पलंगावर नाही गेले. इथे गेले. ह्या टेबलावर. मी त्यांच्यावर कापड टाकलं. आणि कापडाखालून त्यांनी माझं बोट धरलं होतं. मी सांगितलं... पण ओरडले नाही. मी कॉफी द्यायला गेले."

मिरेयने काटा खाली ठेवला. पर्समधून तिने एक कागद काढला. उलगडला. एका ओळीवर बोट ठेवलं.

मृत्यूची वेळ, संध्याकाळी सहा चाळीस.

कापड टाकलं तेव्हा अडीच वाजले होते. गाडी गेली सव्वातीनला. पाच वाजता देयानिरा माझ्या बसमध्ये होती, आणि मी रेडिओ मोठा केला होता.

देयानिराने खुर्चीची पाठ धरली.

मिरेयने हळूच ताट तिच्याकडे वळवलं.

"हे..." ती म्हणाली, "हे तुम्हालाही दिसतंय ना?"

देयानिराने मान हलवली.

"मला वाटलं, फक्त मलाच."

तेवढ्यात बाल्दोमेरो हसत आला. "जेवत नाही आहात, मॅडम? आवडलं नाही?"

मिरेयने समोरची खुर्ची सरकवली.

"बसा. माझ्या बाबांच्या नावाने दोन घास खा. माझ्या ताटातले."

पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. तो बसला. रुमाल मांडीवर पसरला. काटा घेतला.

देयानिरा म्हणते, मी डोळे मिटणार होते. पण मिटले नाहीत. म्हटलं, बघायचंच.

त्याने मांस कापलं. आतून काळं पाणी आलं. तुकडा तोंडात घातला. चावताना ओठांच्या कोपऱ्यातून एक अळी बाहेर आली आणि त्याच्या कोरलेल्या मिशीत शिरली. त्याने भाताचा घास घेतला. आणखी एक घेतला. मजेत, निवांत.

"मांस जरा जास्त शिजलंय," तो म्हणाला. "लिओला सांगतो मी."

त्याने रुमालाने तोंड टिपलं. रुमालाची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

घडी आतून हलत होती.

त्याला काही म्हणजे काहीच दिसलं नाही.

मिरेय उठली. दारापाशी देयानिराने तिला गाठलं, माफ करा म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत," मिरेय म्हणाली. "पण उशिरा." आणि गेली.

तिने तक्रार केली, असं ऐकलं. चौकशीला माणसं आली. दोन दिवस राहिली, हॉलमध्ये जेवली, परत गेली.

मिरेय गेली त्याच दिवशी देयानिराने गणवेश परत दिला. आता घरी इस्त्रीची कामं घेते. उकडलेली केळी खाते, तीही स्वतः सोलून, उजेडात धरून. लिओ ऑगस्टमध्ये डोंगरात भावाकडे निघून गेला. एकतीस नंबर अजून तिथेच आहे. खिडकीजवळचं म्हणून पाहुण्यांत त्यावर भांडणं होतात.

बाल्दोमेरोला काही झालं नाही. ना आजार, ना अपघात. उलट बढती मिळाली. आता दोन हॉल त्याच्याकडे आहेत. गाल वर आलेत.

मागच्या महिन्यात त्याच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. माझ्या बसमधल्या सगळ्यांना बोलावणं होतं. देयानिरा आली नाही. मी गेलो. न जाऊन कसं चालेल?

त्याने स्वतः मला वाढलं. भात, घेवडा, भाजलेलं मांस. "खा रे, लाजू नको."

मी ताटात बघितलं. किती तरी वेळ बघितलं. शेजारच्याने विचारलंही, काय हरवलंय का?

माशी नव्हती. वास नव्हता. स्वच्छ, गरम, चवदार जेवण.

मी खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

घरी येऊन देयानिराला हे सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती इस्त्री तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. त्या बसमधल्या संध्याकाळबद्दल ती मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. तेव्हाही बोलली नाही.

त्या दिवसापासून जेवायच्या आधी मी ताटात बघतो. रोज.

मला काहीच दिसत नाही.