नवव्या खाटेचा सोबती

मिरजेबाहेरच्या त्या उपशामक शुश्रूषा केंद्रात आता खुद्द वैजयंती उपळेकरच नवव्या खाटेवर होत्या. मरणाऱ्या माणसांचं एकटेपण घालवायला जिने आभासी सोबतीचं यंत्र बांधलं, तिलाच स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गाठावं, याला काय म्हणायचं?  रोज सकाळी दहाला वैजयंतीबाई आभासचष्मा चढवायच्या आणि एकतीस वर्षांपूर्वी गेलेल्या धाकट्या भावाशी, शिरीषशी, तासभर गप्पा मारायच्या.

केंद्रातल्या तरुण डॉक्टर नसीमा मुजावरला एकदा राहवलं नाही. "मॅडम, यंत्र तुम्हीच बनवलंत. समोरचा शिरीष खरा नाही हे माहीत असून बरं वाटतं?"

"शिरीष नाही तो, पण खोटाही नाही," बाई म्हणाल्या. "आधी मी नुसत्या गणितातून माणसं उभी केली होती. चार दिवस पेशंट खूश, पाचव्या दिवशी चष्मा भिरकावून द्यायचे. समोरच्याला आपली काडीची गरज नाही, हे माणसाला कळतं गं. म्हणून मी पेशंटच एकमेकांना जोडले. थोरल्या बहिणीसाठी झुरणारा एका बाजूला, धाकट्या भावासाठी झुरणारी दुसऱ्या बाजूला. यंत्र फक्त मुखवटे चढवतं. चेहरा, आवाज आणि हाक मारायचं नाव तेवढं बदलतं. बाकी शब्द ज्याचे त्याचे."

"मग तुमचा शिरीष कोण?"

"असेल कुठल्या तरी खाटेवरचा बिचारा. कोण ते बघायचं नाही, हा नियम माझाच आहे."

बाकीच्या पेशंटना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. समोरचा काही चुकीचं बोलला, तर यंत्राची गफलत म्हणून ते सोडून देत. वैजयंतीबाईंचा मात्र तीन आठवड्यांत त्या अनोळखी बिचाऱ्यावर जीव जडला होता. तो मरणाला भ्यायचा, सरळ सांगायचा. बाई त्याला म्हणायच्या, मी आहे ना.

मंगळवारी व्हरांड्यात उन्हाला बसल्या असताना त्यांच्यासमोरून एक चाकाची खुर्ची गेली. तीत हाडांचा सापळा उरलेला म्हातारा होता, पण उजव्या भुवईवरचा व्रण तोच होता. मनगटावरच्या पट्टीवर नाव होतं दिगंबर खटावकर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकतीस वर्षांपूर्वी एका रसायन कारखान्यात भर दुपारी वायू सुटला आणि अकरा कामगार गेले. टाकीची झडप शिरीष उपळेकरने उघडी ठेवली, असं पाळीप्रमुख खटावकरने चौकशीत शपथेवर सांगितलं. शिरीष तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मी नाही, मी नाही, म्हणत तो दारोदार फिरला आणि सहा महिन्यांत त्याने जीव दिला. खटावकरला मात्र पुढे बढती मिळाली. त्या माणसाच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं आणि मग त्याच्या तोंडावर थुंकायचं, एवढी एकच इच्छा बाईंनी एकतीस वर्षं जपली होती. आता वदवून घ्यायला वेळ नव्हता, अंगात त्राणही नव्हतं. पण इथल्या बाकी पेशंटसारखी त्यालाही यंत्राची सोबत असणार, आणि ती तोडणं त्यांच्या हातात होतं. मर म्हणावं एकटा, कुत्र्याच्या मौतीने.

दुपारी त्यांनी स्वतःच्या अधिकाराने जोड्यांची यादी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. खटावकरची खाट चौदावी. सोबत हवी ती अक्काची, म्हणजे आईमागे ज्या थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं तिची. आणि समोर जोडीदाराची खाट होती नववी.

म्हणजे बाईंची स्वतःचीच. तीन आठवडे त्या याच माणसाला धीर देत होत्या! त्यांना किळस आली. आणि मग त्या हळूच हसल्या. सोबत कशाला तोडायची? आपण जे बोलू ते त्याला त्याच्या अक्काच्या तोंडून ऐकू येणार. यापेक्षा धारदार सुरी कुठे मिळणार होती?

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर त्यांनी चष्मा चढवला. नेहमीप्रमाणे कृष्णेच्या घाटावर चौकड्यांच्या शर्टात शिरीष बसला होता.

"ताई, आज जरा उशीर केलास."

"झडप कुणी उघडी ठेवली होती?" बाईंनी विचारलं.

शिरीषचं हसू मावळलं. "हे... हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यंत्रालासुद्धा नाही. तुला कसं कळलं?"

"मेलेल्या माणसाला सगळं कळतं. आईमागे मी तुला पदराखाली वाढवलं ते याच्यासाठी? बोल. माझ्याकडे बघून बोल."

त्याने वर पाहिलं.  डोळे भरले होते.

"मीच ठेवली, ताई. अकरा माणसं माझ्यामुळे मेली. एका निरपराध पोरावर ढकलून मोकळा झालो मी."

हेच ते शब्द. पण समोर चेहरा शिरीषचा होता आणि आवाज शिरीषचा होता. मी नाही, मी नाही, असं ज्या आवाजात त्यांनी अखेरपर्यंत ऐकलं होतं, त्याच आवाजात आता 'मीच' आलं होतं.

"मला माफ करशील ना, ताई?"

एकतीस वर्षं घोटून ठेवलेलं उत्तर जिभेवरच होतं, ते सुटलंच. "नाही. तुझं तोंड मला पुन्हा दाखवू नकोस."

"बरं, ताई," शिरीष म्हणाला. त्याने पलीकडे चष्मा उतरवला असावा, कारण घाट रिकामा झाला.

बाईंची नाडी वाढल्याचा इशारा वाजल्यामुळे नसीमा धावत आली. तिने बाईंचा चष्मा काढला, पाठीला उशी दिली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"कबूल झाला," बाई म्हणाल्या.

"कोण, मॅडम?"

वैजयंतीबाईंनी खटावकरचं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, भुवईवरचा व्रण आठवला, तो म्हातारा समोर आणायचा खूप प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढे शिरीषच उभा राहिला, आणि मीच ठेवली, मीच ठेवली, म्हणत राहिला.