तिसरं पेडल

“तिसरं पेडल कुठे गेलं?”

स्टीअरिंगमागे बसलेल्या बाबांचा आवाज गराजच्या छताला भिडला आणि दारात ॲपल पायची बशी घेऊन उभ्या असलेल्या ट्रूडीच्या काळजात चर्र झालं! अर्धांगाच्या झटक्यानंतर पाच आठवड्यांनी बाबा, म्हणजे वेंडेल, इस्पितळातून घरी आले होते आणि कोटसुद्धा न काढता, काठी टेकत, आधी गाडीकडे गेले होते... सत्तर सालची ती निळी शेव्हेल! बारा वर्षं बापलेकीनं मिळून तिचा गंज खरवडला, इंजिन खोललं, रंग चढवला, पण पाहुणे आले की बाबा छाती फुगवून सांगत, “सगळं एकट्यानं केलं. आणि एक स्क्रूसुद्धा परका नाही हं!” ट्रूडी तेव्हा सगळ्यांना कॉफी देत हसत असे. आतून मात्र तिचं मन कळवळत असे.

“बाबा, डाव्या पायानं आता क्लच दाबता येणार नाही तुम्हाला,” ती कशीबशी म्हणाली. “म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. तुम्हाला गाडी चालवता यावी म्हणून...”

“माझ्या गाडीला आरी लावलीस? कुणाला विचारून? जा, माझ्यासमोरून चालती हो!”

“वेंडेल!” आई, अर्लीन, आतून झारा घेऊनच धावत आली. “आणखी एक शब्द बोललास तर जेवायला ग्रीस वाढीन तुला!”

पण ट्रूडी केव्हाच परसात पळाली होती. शेडमागे एका जुन्या टायरवर बसून ती हुंदके देऊ लागली. आईचा चढा आवाज तिथवर येत होता. “ओरडण्याआधी गराजमधलं ते कपाट उघडून तरी बघ!”

अखेर काठीची टकटक जवळ आली... बाबांच्या हातात एक छोटी पिशवी होती. आत बोल्ट, वर ट्रूडीच्या अक्षरात चिठ्ठी: ‘क्लच, डावीकडून दुसरा, वरचा.’ खोललेला प्रत्येक तुकडा असा चिठ्ठी लावून ठेवायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“जुना गिअरबॉक्स तेल लावून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलायस,” ते म्हणाले. “बाळंतिणीच्या पोरासारखा.”

“गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही, बाबा. मनात आलं की पुन्हा होती तशी करता येईल.”

“मग हा दुसरा आणला कुठून?”

ट्रूडीनं मान खाली घातली. बाबांची नजर तिच्या मागे गेली. तिथे लोखंडी टेकूंवर चढवलेली तिची स्वतःची लाल नोव्हा गाडी उभी होती. सहा वर्षं राबून या उन्हाळ्यात प्रथमच ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायची होती... बाबांनी काठीवर भार देऊन वाकून पाहिलं. गाडीचं पोट रिकामं होतं, गिअरबॉक्स गायब!

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. “पोरी... काय केलंस हे! मूर्ख आहेस अगदी!”

“तुमच्यावरच गेलेय,” ती रडता रडता हसली.

रविवारी तिघं मेळाव्याला निघाली. पहिल्याच सिग्नलला, पन्नास वर्षांच्या सवयीनं, बाबांचा डावा पाय नसलेला क्लच शोधत चांगला वीतभर उचलला गेला! “अगं, उचलला!” ते ओरडले. “तिथे डॉक्टर गयावया करत होते, तेव्हा ढिम्म हलला नाही!” मागच्या सीटवर आई हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

मेळाव्यात बाबांचा जुना मित्र व्हर्जिल नेहमीप्रमाणे टॉर्च घेऊन गाडीखाली उताणा झाला. लोकांच्या गाड्यांतली खोट काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

“वेंडेल! हा गिअरबॉक्स या गाडीचा नाही!”

“नाहीच मुळी. माझ्या लेकीच्या गाडीचा आहे.” बाबांनी ट्रूडीकडे पाहिलं. “आणि ही गाडी आम्ही दोघांनी मिळून केलीय. पहिल्या दिवसापासून... दोघांनी.”

आजूबाजूचे दहाबारा जण वळून पाहू लागले. ट्रूडी सवयीनं कॉफीचा थर्मास उचलायला वाकली, तशी बाबांनी तिचा हात धरून तिला आपल्याशेजारच्या खुर्चीत बसवलं.

“ती बसेल आज. कॉफी तू ओत, व्हर्जिल.”