दुसरं पाणी

“माझ्या कॉम्प्युटरात पाण्याचा थेंबसुद्धा मला विचारल्याशिवाय हलत नाही,” सर निवड समितीसमोर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पाणी खरंच हललं नाही.

पडद्यावरच्या आभासी प्रयोगात प्लास्टिकच्या रेणूची लांब साखळी होती. ती पाण्याने तुटावी म्हणून मदतीला जस्ताचा उत्प्रेरक. काल चुटकीसरशी तुटणारी साखळी आज ढिम्म.

“विभागप्रमुखपदाचं संध्याकाळी बघू,” म्हणत समिती चहाला गेली.

समितीतल्या एक बाई मागे थांबल्या. चूक नेमकी उचलतात म्हणून त्यांना सगळे चिमटा म्हणत. त्यांनी फाईल तपासली. “कोणीतरी पाण्याचा एक रेणू काढलाय.”

फाईलला हात लावणारे तिघंच. सर, कॉम्प्युटर सांभाळणारा त्यांचा मेहुणा आणि सगळी गणितं करणारी विद्यार्थिनी. भिंतीवर सरांचा छापील पेपर फ्रेम करून लावला होता. चित्रात एक साखळी, एक जस्त, एक पाणी. खाली एकच नाव, सरांचं.

बाईंनी पडदा बंद केला आणि एकेकाला आत बोलावलं. प्रश्न एकच. “पाण्याचा एक रेणू गेला. त्याने एवढं काय अडलं?”

“साखळी तोडणारंच गेलं, मग तुटेल कशी?” सर म्हणाले.

“मला काय कळतंय? दाजी सांगतात तिथे क्लिक करतो,” मेहुणा म्हणाला.

“तोडणारं आहे की जागेवर,” विद्यार्थिनी म्हणाली. “पण प्रोटॉन पलीकडे कोण पोचवणार?”

बाईंनी तिघांना समोर बसवलं.

“तोडणारं पाणी शाबूत आहे. गेलंय ते शेजारचं. ते प्रोटॉन घेतं, पुढे देतं आणि होतं तसंच राहतं. ते नसलं की सगळं ठप्प. सरांच्या चित्रात ते नाहीच, म्हणजे सरांना ते माहीत नाही. मेहुण्यांना काहीच माहीत नाही. आणि कुठलं पाणी गेलं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

विद्यार्थिनीने मान खाली घातली नाही.

“सगळी हमाली ते करतं आणि समीकरणात कुठे दिसत नाही. पेपरातून माझं नाव काढलं, तेव्हा सर म्हणाले, एका नावाने काय अडतंय? म्हटलं, बघू या.”

“नाव घाला, सर,” बाई म्हणाल्या. “नाहीतर संध्याकाळी दुसरं पाणी समितीला तुम्हीच समजावा.”

“हिच्यावाचून माझं काही अडत नाही.” सर मेहुण्याकडे वळले. “तू ते पाणी परत घाल रे.”

संध्याकाळी समिती बसली. सरांनी बटण दाबलं. मेहुण्याने पाण्याचे दोन्ही रेणू नीट जागेवर ठेवले होते. त्या नादात उत्प्रेरक पुसला गेला होता.