बिळाबाहेर माती नव्हती

"नाव घालणार नाही म्हणजे नाही." गावसभेचे अध्यक्ष लॅव्हिंग्टनसाहेब यांनी वही मिटली. "पाटीवर युद्धावर लढायला गेलेल्यांचीच नावं. तुमचे अमोसआजोबा तेव्हा विशीतले धडधाकट गडी, पण इथेच गुरं राखत बसले. गाव विसरलेलं नाही."

दुसरं महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या त्या चिमुकल्या गावात नवी पाटी लागणार होती. नावं उद्या दुपारी खोदायला जायची होती. बारा वर्षांची हेस्टर पाय आपटतच बाहेर पडली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ रूफस.

"मी वाचनालयात वाचलंय," हेस्टर म्हणाली. "जर्मन उतरलेच तर जमिनीखाली लपायचं आणि मागून हल्ले करायचे, अशा गुप्त टोळ्या होत्या खेड्यांत. शेतकरी, गुराखी, असलेच लोक. घरीसुद्धा सांगायचं नाही. काल आजोबांना विचारलं, तर चहा तसाच टाकून उठले."

"आणि चर्चमागच्या राईत बॅजरच्या बिळापाशी गेलं की ओरडतात आपल्याला."

"मग इथे काय करतोयस? चल तिकडेच."

रूफस बिळासमोर गुडघ्यांवर बसला. एरवी वेंधळा, पण जनावरांच्या बाबतीत पोरगं पंडित! "ताई, माती कुठंय? बॅजर म्हणजे बिळं खणणारं जनावर, ढीगभर माती उकरून दारातच टाकतो. इथे मूठभरही नाही."

"पावसाने गेली असेल वाहून."

"सगळी? जुनी बिळं बघ ना, केवढाले उंचवटे असतात. हे माणसाने खणलंय. माती दिसू नये म्हणून लांब नेऊन टाकली त्याने, आणि तिथेच फसला. जरा जास्तच हुशारी."

त्याने खिशातली गोटी बिळात सोडली. ती गडगडत गेली आणि खोल खाली पत्र्यावर टण्णकन वाजली.

मग काय विचारता! तासभर झुडपं उचकल्यावर वेलींखाली लोखंडी कडी लागली. दोघांनी जोर लावला तसा पाल्यापाचोळ्यासकट जमिनीचा एक चौकोनच वर आला. खाली शिडी, फळ्यांचे चार बिछाने आणि बिळाच्या तळाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात रूफसची गोटी. भिंतीवर खडूने पहाऱ्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. तिसरं नाव होतं अमोस प्रोबर्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूफस एकटाच लॅव्हिंग्टनसाहेबांकडे गेला. "राईत लष्करी तळ आहे, साहेब. दहा मिनिटांत शोधलात तर आम्ही गप्प. नाही सापडला तर आजोबांचं नाव पाटीवर. लावता पैज?"

पैज म्हटली की साहेबांना राहवत नसे. त्यांनी काठीने झुडूपन् झुडूप झोडपलं आणि शेवटी घाम पुसत नेमके त्या चौकोनाच्या कडेलाच टेकले. काखेत कळसा नि गावाला वळसा! "काही नाही इथे. थापाड्या."

रूफसने बिळात गोटी सोडली. आत लपलेल्या हेस्टरसाठी ही खूण होती. आतून ढकललं की साखळीला बांधलेल्या वजनामुळे दार अलगद उघडायचं. साहेबांच्या पायाशी जमीन उघडली आणि हेस्टरचं डोकं वर आलं. "या ना साहेब, आत या."

साहेब आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. वर आले तेव्हा टोपी हातात होती, आणि समोर अमोसआजोबा उभे होते. झुडपं झोडपल्याचा आवाज ऐकून आले होते.

"मी दहा वर्षांचा होतो," साहेब म्हणाले. "आम्ही पोरं तुम्हाला भित्रा म्हणून खडे मारायचो. का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगणार नाही म्हणून सही केली होती."

"या पोरांनी गावाची लाज राखली. आज तुमचं नाव खोदायला जाईल."

"चौघांची लिहा. बाकीचे तिघे वारले."

हेस्टरने त्यांचा हात धरला. "पणजोबांनाही नव्हतं सांगितलं?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "रात्री कुठे जातोस म्हणून विचारायचे. काहीबाही सांगायचो." ते जमिनीतल्या उघड्या दाराकडे न बघता चर्चच्या दफनभूमीकडे चालू लागले. मुलं मागे. एका जुन्या दगडापाशी ते थांबले.

"बाबा," ते म्हणाले, "मी रात्री ससे पकडायला जात नव्हतो हो."