दादा, ऐकू येऊन राह्यलं का?

आदिलाबादला लाइट गेली की गच्चीवरची पोरं पांडुरंगरावांना घेरतात. ही गोष्ट ते सहसा काढत नाहीत. त्या रात्री काढली. "खरी हाय," एवढंच आधी म्हणाले. "माह्या शेजारचा मानूस होता तो."

नरसिंगराव मंचेरियलकडच्या एका कोळसा खाणीत वायरलेस मेकॅनिक होते. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ उद्धव लहान होता. त्याला नरसिंगराव आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई यांनी पोटच्या लेकरासारखा वाढवला. पुढे तोही खाणीत लागला, सुरुंग भरायच्या कामावर. श्रावणात खाणीचं छत कोसळलं आणि उद्धव पलीकडे अडकला. नरसिंगराव ढिगाऱ्याला कान लावून हाका मारत राहिले. आतून काही आलं नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगावर मोठी जखम नव्हती. म्हणजे किती वेळ जिवंत होता, कोण सांगणार?

वनमालाबाई ताट वाढता वाढता विचारायच्या, "अवो, त्यानं आवाज देला असंल न?"

नरसिंगराव हात धुऊन उठून जायचे.

मग आली १९८८ची अठरा जानेवारी. सोमवार, पौष अमावास्या. रात्रीचं जेवण होत नाही तोच साहेबांचं बोलावणं आलं. खाणीच्या वायरलेसवर कोणी परका बोलत होता. शब्द लागत नव्हते, पण सेट मॅगझीनच्या आसपास असावा असं वाटत होतं. मॅगझीन म्हणजे सुरुंगाच्या मालाचं कोठार, वस्तीबाहेर, काटेरी कुंपणात. तिथे वायरलेसला सक्त मनाई. सेटवर बोललं की हवेतून लहर जाते. ती डिटोनेटरच्या, म्हणजे सुरुंग पेटवणाऱ्या नळीच्या, सुट्या तारांत शिरली तर सगळं कोठार उडायचं. आत कोणी सेट नेला असेल, तर तो चोर तरी होता, नाहीतर घात करायला आलेला.

"हुडकून काढा," साहेब म्हणाले.

नरसिंगराव एकटेच जीप घेऊन निघाले. मॅगझीन लांब असतानाच त्यांनी जीपमधला सेट बंद केला. सोबत फक्त ऐकायचं यंत्र घेतलं होतं, त्याला हेडफोन आणि कड्यासारखा एरियल. कडं फिरवत गेलं की एका दिशेला आवाज बुडतो. सेट त्याच रेषेत असतो. कुंपणाच्या एका कोपऱ्यातून त्यांनी रेषा धरली, मग दुसऱ्या. दोन्ही रेषा कोठारावर जाऊन मिळाल्या.

पहाऱ्यावरचे जमादार चंपतराव म्हणाले, "आत कोनी नाही, नरसिंगराव. सांजच्याला म्याच कुलूप घातलं. लाखेचं सील हाय, पाहा."

सील शाबूत होतं. नरसिंगराव दाराशी गेले. कडं हळूच फिरवलं. खरखर विरली...

"दादा..."

हात तिथेच थांबला.

"दादा, ऐकू येऊन राह्यलं का?"

नरसिंगराव पायरीवर बसले. त्यांनी हेडफोन चंपतरावांच्या कानाला लावला. चंपतरावांनी ऐकलं. त्यांनी उद्धवला रोज माल मोजून दिला होता. आवाज त्यांनीही ओळखला.

हेडफोन पुन्हा नरसिंगरावांच्या कानावर.

"लय अंधार हाय... कवाचा आवाज देऊन राह्यलो... दादा, तू बोलत नाही काऊन?"

"हावो रे! हाय मी इथं!" नरसिंगरावांनी दारावर हात आपटले. "उद्धवा!"

"दादा...?"

त्याला ऐकू जात नव्हतं.

हेडफोन पायरीवर टाकून नरसिंगराव जीपकडे धावले. सेट चालू केला. माईक तोंडाशी, अंगठा बटणावर. चंपतरावांनी मागून येऊन मनगट धरलं.

"नका दाबू! आत डिटोनेटरची पेटी उघडी हाय. आजच तपासले, तारा सुट्या हायत. मांगं आमच्या पहाऱ्यावाल्यांच्या खोल्या... लेकरं झोपले हायत, नरसिंगराव."

अंगठा बटणावरच होता... मग निघाला.

सुरक्षित अंतर म्हणजे टेकडीपलीकडचा रस्ता. त्यांनी जीप तिकडे पिटाळली. खड्डा पाहिला नाही. दगड पाहिला नाही. टेकडी मागे पडली. बटण दाबलं.

"उद्धवा... ऐकू येऊन राह्यलं रे बापा... बोल..."

खरखर.

"मी दादा हाय... बोल न..."

खरखर...

तिकडे कोठाराच्या पायरीवर हेडफोन आता चंपतरावांच्या कानाला होता. शेवटचे शब्द त्यांनी ऐकले.

"नाही ऐकू येत वाटते..."

मग काहीच नाही.

उजाडल्यावर साहेबांसमोर सील तोडलं. नरसिंगराव आणि चंपतराव आत गेले. कोपरान् कोपरा शोधला. सेट नव्हता. माणूस आत शिरल्याची खूण नव्हती. चंपतराव मात्र तपासलेल्या डिटोनेटरच्या पेटीपाशी उभे राहिले, ते हलेचनात.

"या तारा म्या सुट्या ठुल्या होत्या," ते म्हणाले.

नरसिंगराव खाली वाकले. प्रत्येक डिटोनेटरच्या दोन्ही तारांची टोकं एकमेकांत पिळलेली होती. सुरुंगाच्या कामावरची माणसं पिळतात तशी, घट्ट. अशा पिळलेल्या तारांना बाहेरच्या लहरीची भीती नसते. मग शेजारी उभं राहून कोणी वायरलेसवर बोललं तरी काही होत नाही.

"म्हंजे..." नरसिंगराव म्हणाले, "म्या बोललो असतो..."

चंपतरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पेटीभर तारांना पीळ होता. एकही सुटलेली नव्हती.