भोपळ्याच्या वाफ्यातलं विष

वाफ्यातली घोळीची भाजी हिरवीगार. त्याच वाफ्यात भोपळ्याच्या वेलानं मान टाकलेली.

गवंडी संध्याकाळी येणार.

कुत्रं वाफ्यात मुटकुळं करून झोपलंय.

म्हातारीच्या दारामागं उपडी पाटी, तळाला काळा ओलसर थर.

"गार हो रं बाबा, गार हो." वेलाच्या बुडाशी म्हातारी ओततेय तांब्यामागून तांब्या.

कडेगावजवळच्या त्या वस्तीवर सौमित्र भल्या सकाळी पोचला. सांगलीच्या खासगी तपासनीस क्षमा परचुरे यांचा तो मदतनीस. लग्नाआधीच्या चौकश्या त्याला जमत. इथं संध्याकाळी दोन सख्ख्या भावांच्या अंगणात भिंत उठणार होती.

"पुरावा तेवढा द्या, म्याडम," निवृत्त सुभेदार वीरधवल म्हणाला. "वरीसभर माती केली. खोल खड्डा, मुरलेलं शेणखत, पालापाचोळा. प्रदर्शनात असा भोपळा मांडणार हुतो की उचलायला चौघं लागतील. नाव नोंदवायला सांगलीला गेलो, तर मागं कुणीतरी तणनाशक ओतलं. कुणीतरी कसलं, धाकट्या जयराजनंच! दिवाळीपास्नं आमी बोलत न्हाई. आज भिंत घालतो, सुटलो."

क्षमा वाफ्याशी उकिडवी बसली. सकाळचं दव बांधावर होतं, वाफ्यावर नव्हतं.

शेजारचा गुंडा गेल्या साली प्रदर्शनात पहिला आलेला. तो तंबाखू मळत हसला. "आवं, सुभेदाराला हरलेला बघायचाय मला. येलच मेला तर हरवू कुणाला?"

जयराज आपल्या ट्रॉलीपाशी होता. शेजारी काळा ढीग वाफाळत होता.

"हे काय?"

"मळी. कारखान्यात रस गाळून उरती ती. ह्याच आठवड्यात आणलीया. दोन म्हैनं मुरली की उसाला."

"भावाच्या वाफ्यात गेला होतात?"

"त्याच्या सावलीलाबी जात न्हाई." मग खालच्या आवाजात, "येल... जगंल का वो?"

"घाबरलाय, ताई. हाच," सौमित्र कुजबुजला. क्षमा म्हातारीच्या दाराकडे वळली.

राहिली दोघा भावांची आई, बयाबाई. तिच्या हातात तांब्या होता.

"जेवता कुणाकडे, आजी?"

"आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. भिंतीत माजं दार कंच्या अंगाला ठिवणार, त्ये कुणी इचारलंच न्हाई."

उन्हं कलली. गवंड्यानं अंगणात दोरी ताणली.

"थांबा," क्षमा म्हणाली. तिनं सगळ्यांना वाफ्याशी बोलावलं. "सौमित्र, मातीत हात घाल. खोल."

त्यानं कोपरापर्यंत हात खुपसला आणि झटक्यात ओढून घेतला. "ताई, भट्टी आहे ही!"

"तणनाशक असतं तर घोळ आधी वाकडी झाली असती. तिची मुळं वरच्यावर, म्हणून ती तगली. कुत्रं इथं उबेला येतं, दव इथं टिकत नाही. खाली कच्ची मळी पुरलीय. ती आंबताना तापते आणि खोलवरची मुळं शिजवते."

"म्हंजी जयराजच!" वीरधवल पुढं झाला.

"जयराज मळी मुरवूनच वापरतात. चोरून टाकायला त्यांना पाटी कशाला हवी? घरात फावडं, ट्रॉली आहे. मळी लागलेली पाटी आजींच्या दारामागं आहे. तुम्ही सगळे विष विष करत होता, पण माती गार करत होत्या एकट्या आजी. ती तापलीय, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक."

बयाबाईनं तांब्या वाफ्याच्या कडेला ठेवला.

"उसाला घालत्यात एवढंच मला ठावं," ती म्हणाली. "म्हटलं, धाकट्याचंबी कायतरी थोरल्याच्या भोपळ्यात पडू दे. नंबर आला तर दोघांचा येईल. मग हात भाजला, तवा कळलं. सांगू कुणाला? एकाला सांगावं तर दुसऱ्याचं नाव निघतंय."

गवंडी दोरी धरून उभाच.

जयराज फावडं घेऊन वाफ्यात उतरला.

"बाजूनं काढ रं," वीरधवल म्हणाला. "मुळं तोडशील."

वीरधवल फौजेत गेला, त्या दिवशी त्याची ट्रंक सायकलला बांधून कडेगावच्या स्टँडपर्यंत जयराजनं नेली होती.