भिकुबाईच्या दाढेतला कच्चा माल

धरणगावचे दंतवैद्य डॉ. देवचंद पाटील यांना चोर आधीच सापडला होता. आता फक्त पुरावा हवा होता, म्हणून त्यांनी जळगावहून खासगी तपास करणाऱ्या लिलाबाई इंगळेंना बोलावलं. लिलाबाईंचा भाचा जीवराम जीप घेऊन सोबत आला.

“दाढेत भरायचा, निळ्या दिव्याखाली घट्ट होणारा महागडा मसाला माझ्या कंपाउंडरने, लोटनने विकला,” डॉक्टर म्हणाले. “ट्यूबमध्ये भेसळ भरली. भिकुबाईची दाढ भरली आणि तिचं तोंड सुजलं. आज त्याला पोलिसात देतो.”

“त्या ट्यूबमधून नंतर कोणाची दाढ भरली?”

“माझ्या मुलीची, रविवारी सकाळी. तिला देवाने वाचवलं.”

देवाला कामाला लावून डॉक्टर मोकळे झाले होते.

बाहेरच्या खोलीत पंखा मधूनच रेंगाळत होता. रंगीत टीव्हीवर मात्र चित्र स्वच्छ होतं, खाली लोखंडी खोका गुणगुणत होता. जीवराम मॅच बघत तिथेच रमला.

लोटन पायरीवर बसला होता. “मी चोर नही, अक्का. पोलीस उनात ते पोरनं लगीन मोडी जाई.”

भिकुबाईने गालाला फडकं बांधलं होतं. दाढ भरली त्या दिवसाचं ती सांगू लागली. “संध्याकायले वावरमानी मोटर चालू करी, मंग दवाखानामा गऊ.” सूज आल्यावर जळगावच्या डॉक्टरांनी ती दाढ उघडली होती. मसाला वरून दगड, खाली लोण्यासारखा मऊ निघाला होता.

संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू होताच लिलाबाईंनी डॉक्टर आणि लोटनला आत बोलावलं. डॉक्टरांना काचेवर त्याच ट्यूबमधल्या मसाल्याचा गोळा ठेवून दिवा धरायला लावला. मग गोळा उलटून सुईने खरवडला. खालचा मसाला सुईला चिकटून आला.

“बघा, भेसळच,” डॉक्टर गुरगुरले.

“जीवराम, टीव्हीखालचा स्टॅबिलायझर आण.”

त्यावर दिवा जोडून त्याच ट्यूबमधला नवा गोळा दिव्याखाली धरला आणि उलटला. या वेळी सुई घसरली.

“मोटारी लागल्या की विजेचा दाब पडतो,” लिलाबाई म्हणाल्या. “दिवा दिसायला निळाच, पण त्याची ताकद खालपर्यंत पोचत नाही. तळाचा कच्चा मसाला झिरपून दाढेची नस मारतो. भेसळ असती तर तुमची मुलगीही सुजली असती. तिला देवाने नाही, सकाळच्या विजेने वाचवलं. स्टॅबिलायझर दिव्याचा होता ना? टीव्हीला कोणी लावला?”

“मीच. मॅच होती,” डॉक्टर पुटपुटले. “जाऊ दे. लोटन, उद्यापासून कामावर ये.”

लोटन हलला नाही. “तुम्ही बठ्ठा गावले सांगं, लोटन चोर शे. आते बठ्ठा गावलेच सांगा.”

“सगळ्या गावासमोर नोकराची माफी मागू?”

“नका मागू,” लिलाबाई थंडपणे म्हणाल्या. “मग पोलिसात मी जाते, भिकुबाईला घेऊन.”

डॉक्टर बाहेर गेले. बाकावर सात-आठ माणसं होती. त्यांनी दोनदा घसा खाकरला. लोटन दारात उभा राहून माफीचा शेवटचा शब्द येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.